भंडारदरा, राजूर आणि कळसूबाईचा डोंगरपट्टा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा प्रदेश नेमका कोठे आहे आणि त्यात कोणकोणती ठिकाणे येतात?

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, ठाणे आणि नाशिक या जिल्ह्यांच्या हद्दींना लागून असलेला अकोले तालुका म्हणजेच हा प्रदेश होय. राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१६४६ मीटर), रतनगड, हरिश्चंद्रगड, सांदण दरी, घाटघरचा कोकणकडा आणि प्रवरा नदीवरील भंडारदरा धरण ही त्यातील प्रसिद्ध ठिकाणे. १९८६ साली घोषित झालेले कळसूबाई–हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्य या पट्ट्यातच पसरलेले आहे. धरणाशेजारचे शेंडी हे पर्यटकांचे गाव, राजूर ही डोंगरातील गावांची बाजारपेठ आणि अकोले हे तालुक्याचे ठिकाण. बहुतेक पर्यटक शेंडीपर्यंत येतात आणि तेथूनच परततात. राजूर आणि अकोले ही दोन्ही गावे त्यामुळे अजून आपल्या नेहमीच्या चालीने चाललेली दिसतात, आणि या भागात येण्याचे ते एक चांगले कारण आहे.

येथे येण्यासाठी वर्षातील सर्वांत चांगला काळ कोणता?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा विचारला जातो. मात्र त्याचे उत्तर एका महिन्याच्या नावात देता येत नाही. येथे प्रत्येक ऋतूत काही वाटा खुल्या असतात आणि काही बंद. म्हणून आधी ठिकाणांची यादी करून मग तारीख शोधण्यापेक्षा, सुटी कधी मिळणार आहे ते पाहून त्या दिवसांत कोणती ठिकाणे योग्य ठरतील याचा विचार करणे अधिक शहाणपणाचे ठरते.

जुलै आणि ऑगस्टमध्ये धबधबे, धुके आणि भातखाचरांतील आवणी पाहायला मिळते. डोंगरमाथ्यावरून दूरचे काही दिसेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचा काळ आमच्या मते सर्वांत उत्तम होय. पाऊस ओसरलेला असतो, धबधबे आटलेले नसतात, पठारांवर सोनकीचा पिवळा गालिचा आणि उतारांवर तेरड्याचा गुलाबी रंग असतो, आणि ऑगस्टमधील गर्दी निघून गेलेली असते. कारवी मात्र सात वर्षांतून एकदाच फुलते, त्यामुळे ती दिसणे हा योगाचा भाग आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे गडांचे आणि दऱ्यांचे दिवस. हवा स्वच्छ असल्यामुळे कळसूबाईच्या माथ्यावरून अलंग, मदन आणि कुलंग ही गडांची रांग सुस्पष्ट दिसते. रात्री जलाशयाच्या काठी तापमान दहा अंशांच्या खाली उतरू शकते, म्हणून तंबूत राहणाऱ्यांनी जाड पांघरुणाची खात्री आधी करून घ्यावी. मार्च ते मे या काळात दुपारी डोंगर चढणे टाळावे. पहाटेच्या चढाया, सावलीची सांदण दरी आणि करवंदे-जांभळे यांसाठी मात्र हे महिने चांगले आहेत. मेच्या अखेरीस काजव्यांचा काळ सुरू होतो, त्याविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे.

पावसाळ्यात येणे सुरक्षित आहे का?

योग्य ठिकाणी थांबणाऱ्यांसाठी सुरक्षित आहे. घाटघर आणि रतनवाडी ही राज्यातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत मोजली जातात, तर पूर्वेकडील अकोले शहर पर्जन्यछायेत येते. जुलैतील एखाद्या जोरदार आठवड्यात घाटघरला पडणारा पाऊस अकोले शहराच्या संपूर्ण मोसमातील पावसाच्या बरोबरीचा असू शकतो. यामुळे अकोल्यात कोरडा दिवस असला तरी घाटघरकडे ओढे दुथडी भरून वाहत असतात, ही गोष्ट बाहेरून येणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

सांदण दरीत पावसाळ्यात कोणत्याही परिस्थितीत उतरू नये. ती दोन्ही बाजूंनी उभ्या कातळाची अरुंद घळ असून, वर कोठेतरी सर कोसळली की खालील माणसाला बाजूला होण्यासाठी जागाच उरत नाही. रंधा धबधब्याच्या कड्यावर आणि ओढ्यांच्या फरशीपुलांवर हाच सावधपणा ठेवावा. पुलावरून पाणी वाहत असेल तर ते ओसरेपर्यंत थांबावे, मग त्याला कितीही वेळ लागो. १५ ऑगस्टच्या आसपासच्या सुट्यांमध्ये जलाशयाभोवतीच्या अरुंद रस्त्यावर वाहनांच्या लांबच लांब रांगा लागतात आणि पुष्कळदा एकेरी वाहतूक लागू केली जाते. त्या दिवसांत येण्याचा बेत असल्यास तो बदलावा, असाच आमचा सल्ला राहील. त्याच आठवड्यातील मंगळवार-बुधवारी हाच परिसर निवांत असतो.

काजवे कधी आणि कोठे दिसतात?

मेच्या शेवटच्या आठवड्यापासून साधारणपणे जूनच्या मध्यापर्यंत. वळिवाच्या सरींनी हवेत ओल आली की काजवे वाढतात, आणि मोसमी पावसाने जोर धरला की हा खेळ संपतो. त्यामुळे तारखा दरवर्षी थोड्या पुढेमागे होतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर हजारो काजवे एकाच लयीत लुकलुकताना दिसतात. जलाशयाभोवतीच्या मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, पांजरे, उडदावणे या गावांच्या परिसरात अशी झाडे आहेत.

हा प्रकाश म्हणजे नर-मादीचा परस्परांना दिलेला संकेत असतो, आणि कृत्रिम उजेड पडला की तो संकेत हरवतो. गाडीचे दिवे झाडावर रोखणे, मोबाइलची बॅटरी लावून छायाचित्र काढणे, फांद्या हलवणे, काजवे पकडून बाटलीत भरणे हे प्रकार गेल्या काही वर्षांत इतके वाढले, की वनविभागाला रात्रीच्या प्रवेशावर वेळेचे आणि वाहनांचे निर्बंध घालावे लागले. शनिवारची रात्र तर काजवे पाहण्यासाठी सर्वांत वाईट होय, कारण त्या रात्री काजव्यांपेक्षा गाड्यांचे दिवेच अधिक दिसतात. गावातच मुक्काम करून, गाडी अंगणात उभी ठेवून, गावकऱ्याबरोबर अंधारातून चालत जावे. दहा-पंधरा मिनिटांत डोळे अंधाराला सरावतात आणि मग बॅटरीची गरज वाटत नाही.

मुंबई, पुणे किंवा नाशिकहून कसे यावे? स्वतःचे वाहन नसेल तर?

मुंबईहून कसारा घाट, इगतपुरी, घोटी, बारी आणि शेंडी असा सरळ मार्ग आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून कसारा घाट टाळणेही शक्य झाले आहे. नाशिकहून येणारेही घोटीलाच वळतात. पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर हा रस्ता थोडा लांबचा असला तरी सोयीचा आहे. ज्यांना आधी हरिश्चंद्रगडाकडे जायचे आहे, त्यांनी आळेफाट्यावरून कोतूळमार्गे यावे.

वाहन नसणाऱ्यांसाठी इगतपुरी हे रेल्वेचे स्थानक जवळचे. तेथून घोटीला येऊन राजूरकडे जाणारी एसटी पकडावी. ती कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावावरूनच पुढे जाते. रतनवाडी, साम्रद किंवा पाचनईसाठी एसटीच्या फेऱ्या मोजक्या आहेत, त्यामुळे पुढचा प्रवास शेंडी किंवा राजूरहून जीपने करावा लागतो. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ उतरतानाच वाहकाला विचारून ठेवावी.

मुक्काम कोठे करावा?

शेंडी-भंडारदऱ्यात राज्य पर्यटन महामंडळाचे निवासस्थान आणि लहानमोठी हॉटेले आहेत. जलाशयाच्या काठी तंबूंची शिबिरे आहेत. हिवाळ्यात ती रमणीय वाटतात, परंतु सुटीच्या दिवशी रात्री उशिरापर्यंत वाजणाऱ्या ध्वनिवर्धकांची तक्रार आम्ही अनेकांकडून ऐकली आहे. आरक्षणापूर्वी तसे स्पष्ट विचारून घ्यावे.

आमची पसंती रतनवाडी, साम्रद, पाचनई अशा गावांतील घरगुती मुक्कामाला आहे. येथील वस्ती प्रामुख्याने महादेव कोळी आणि ठाकर समाजाची आहे. ओसरीवर किंवा वेगळ्या खोलीत झोपण्याची सोय, चुलीवरचे जेवण आणि सकाळी वाट दाखवायला घरातीलच कोणीतरी, अशी ही साधी व्यवस्था असते. शहरी स्नानगृहाची अपेक्षा असणाऱ्यांनी ती शेंडीत पूर्ण करावी. घरमालकाला किती माणसे येणार आणि जेवण हवे की नको हे आदल्या दिवशी तरी कळवावे, कारण किराण्यासाठी त्यांना राजूर किंवा शेंडी गाठावी लागते. आणखी एक गोष्ट. ज्या गावांवर एवढा पाऊस कोसळतो, त्यांपैकी कित्येक गावांत एप्रिल-मे महिन्यांत पिण्याचे पाणी डोक्यावरून आणावे लागते. पाणी कातळावरून वाहून जाते आणि धरणातील पाणी खालच्या तालुक्यांच्या शेतीसाठी असते. उन्हाळ्यात अशा घरी राहताना बादलीभर पाण्याची किंमत पाहुण्याने ओळखावी.

कळसूबाईची चढाई नवख्या माणसाला जमते का?

प्रकृती ठीक असलेल्या आणि थोड्याफार चालण्याची सवय असलेल्या माणसाला जमते. बारी गावातून माथ्यापर्यंत साधारण तीन तास लागतात. वाट मळलेली आहे, कठीण कातळटप्प्यांवर लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत आणि सुटीच्या दिवशी वाटेत लिंबू सरबतापासून भज्यांपर्यंत सारे मिळते. अडचण चढाईची नसून शिड्यांवरील रांगेची असते. शनिवारी रात्री शेकडो लोक एकदम चढू लागले की वरून उतरणारे आणि खालून येणारे शिडीपाशीच अडकतात. आठवड्यातील मधल्या दिवशी पहाटे निघाल्यास हाच डोंगर वेगळा वाटतो.

माथ्यावर कळसूबाईचे छोटेसे देऊळ आहे. भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही या अटीवर पाटलाच्या घरी कामाला राहिलेली कळसू, अट मोडली गेल्यावर डोंगरावर निघून गेली, अशी तिची कथा सांगतात. नवरात्रात येथे यात्रा भरते आणि आजूबाजूच्या गावांतील म्हाताऱ्या स्त्रियाही अनवाणी वर येतात. महागडे बूट घालून दमलेल्या मंडळींनी हे दृश्य एकदा पाहावे.

हरिश्चंद्रगडासाठी कोणती वाट निवडावी?

पाचनईची वाट सर्वांत सोपी. दोन ते अडीच तासांत गडावर पोहोचता येते. वाटेत कड्याच्या पोटातून जाणारा आडवा टप्पा आहे, पावसाळ्यात त्याच्यावरून पाण्याच्या धारा कोसळत असतात. जुन्नर तालुक्यातील खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे येणारी वाट लांब असून धुक्यात चुकण्याचा संभव अधिक आहे. कोकणातील बेलपाड्याहून थेट वर येणारी नळीची वाट ही मात्र केवळ अनुभवी गिर्यारोहकांसाठी आहे, आणि तीही योग्य साधनांसह व जाणकार साथीदारांबरोबरच.

गडावर हरिश्चंद्रेश्वराचे कोरीव मंदिर आणि केदारेश्वराची लेणी आहे. लेण्यातील भव्य शिवलिंगाभोवती चार खांबांपैकी एकच शाबूत असून सभोवार बर्फासारखे थंड पाणी असते. चांगदेवांनी याच गडावर तप केले आणि ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ येथेच रचला, असे मानले जाते.

गडाचा कोकणकडा (घाटघरचा वेगळा) हे येथील सर्वांत मोठे आकर्षण होय. अर्धवर्तुळाकार, आत वळलेला हा कातळ शेकडो मीटर खोल कोसळतो आणि दरीतून वर येणारा वारा हलक्या वस्तू परत वर फेकतो. येथे इंद्रवज्र, म्हणजे संपूर्ण गोलाकार इंद्रधनुष्य दिसते. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३५ साली ते पाहिल्याची नोंद आहे. त्यासाठी सूर्य पाठीशी आणि धुके समोरच्या दरीत असावे लागते. कडा पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे हा योग सकाळीच येतो. सायंकाळी सूर्यास्त पाहायला जमणाऱ्या गर्दीला तो दिसणे शक्य नाही. कड्याच्या टोकाशी उभे राहू नये. पोटावर झोपून, मागे कोणीतरी असताना खाली डोकवावे.

रतनगड आणि सांदण दरी एकाच फेरीत करता येतात का?

दोन दिवस असतील तर सहज येतात. पहिल्या दिवशी रतनवाडीतील अमृतेश्वराचे मंदिर आणि पुष्करणी पाहून गडावर चढावे. हे मंदिर शिलाहारकालीन मानले जाते आणि त्याच्या भिंतींवरील कोरीव काम सावकाश पाहण्यासारखे आहे. बहुतेक लोक ते वाटेवरचे थांबण्याचे ठिकाण समजून पाच मिनिटांत निघून जातात. गडाच्या माथ्यावर वाऱ्याने कातळ आरपार कोरून तयार झालेले नेढे आहे, त्यात बसले की दोन्ही बाजूंचा मुलूख दिसतो. प्रवरा नदीचा उगम याच डोंगरात होतो. उतरताना त्र्यंबक दरवाजाने साम्रदच्या बाजूला आल्यास मुक्कामाला थेट साम्रद गाठता येते, परंतु ही वाट जंगलातून जात असल्याने वाटाड्या घ्यावा.

दुसऱ्या दिवशी सांदण. घळीच्या तोंडापासून आत जाताना पाण्याचे दोन डोह लागतात. हिवाळ्याच्या सुरुवातीला दुसऱ्यात कमरेपर्यंत पाणी असते, उन्हाळ्यात ते कमी होते. येथपर्यंत जाऊन परत फिरणे सर्वसाधारण पर्यटकाला पुरेसे आहे. पुढे दोरांच्या साहाय्याने कातळटप्पे उतरून शहापूर तालुक्यातील डेहणे गावाकडे जाता येते किंवा करोली घाटाने पुन्हा साम्रदला चढून येता येते. पूर्ण उतराई करावयाची असल्यास सोबत येणाऱ्या संस्थेची साधने, हेल्मेट आणि प्रशिक्षकांचा अनुभव यांची चौकशी केल्याखेरीज पैसे भरू नयेत.

अलंग, मदन आणि कुलंग?

ही गिर्यारोहणाची मोहीम आहे, सहल नव्हे. मदन आणि अलंगवर जाताना दोर लावून चढावे लागते. ज्यांनी यापूर्वी कधी दोर हाताळलेला नाही त्यांनी कळसूबाईवरूनच ही रांग पाहावी.

आमच्याबरोबर वृद्ध आई-वडील आणि लहान मुले आहेत. त्यांच्यासाठी काय आहे?

पुष्कळ आहे. जलाशयाभोवतीचा सुमारे ४० ते ४५ किलोमीटरचा रस्ता हीच एक दिवसाची सुरेख सहल होते. शेंडीहून निघून रतनवाडी, साम्रद, घाटघर असे फिरून परत यावे. घाटघरच्या कोकणकड्याजवळ गाडी जाते आणि थोडे चालले की कोकणातील दऱ्या समोर येतात. येथील उदंचन जलविद्युत प्रकल्पाची क्षमता २५० मेगावॉट आहे. विजेची मागणी कमी असताना खालच्या जलाशयातील पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज करायची, अशी त्याची योजना. शाळकरी मुलांना ही गोष्ट धबधब्यांपेक्षा अधिक आवडल्याचे आम्ही पाहिले आहे.

भंडारदऱ्याचे धरण १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पूर्ण झाले. दगडी बांधणीच्या या धरणाला तत्कालीन गव्हर्नर विल्सन यांचे नाव दिलेले आहे आणि त्याची साठवणक्षमता सुमारे ११ टीएमसी आहे. धरणाच्या मोरीतून पाणी सोडले की खडकावर छत्रीच्या आकाराचा अंब्रेला धबधबा तयार होतो, परंतु तो पूर्णपणे पाणी सोडण्याच्या वेळापत्रकावर अवलंबून असल्यामुळे त्याच्यासाठी मुद्दाम येऊ नये. किल्ला पाहण्याची इच्छा असलेल्या ज्येष्ठांसाठी तालुक्याच्या उत्तरेचा पट्टागड सोयीचा आहे. १६७९ मध्ये जालन्याच्या स्वारीवरून परतताना शिवाजी महाराज येथे विश्रांतीसाठी थांबले होते, म्हणून त्याला विश्रामगड असेही म्हणतात.

राजूर आणि अकोले येथे मुद्दाम थांबण्यासारखे काय आहे?

राजूरचे पेढे, हे पहिले उत्तर. आठवडे बाजाराच्या दिवशी डोंगरातील गावांतून आलेली माणसे, नागली, वरई, मोसमानुसार करवंदे आणि रानभाज्या यांनी हे गाव भरून जाते. हिवाळ्यात येथे डांगी जनावरांचे मोठे प्रदर्शन भरते. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली ही गोवंशाची जात मुसळधार पावसात टिकून राहते, कारण तिच्या कातडीतून पाझरणारा तेलकट अंश पाणी अंगात मुरू देत नाही. पावसाळ्यात भातखाचरांत काम करणारे हे बैल पाहिले की या प्रदर्शनाचे महत्त्व कळते. राजूरजवळचे देवगाव हे इंग्रजांविरुद्ध बंड उभारणाऱ्या राघोजी भांगरे यांचे गाव. त्यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले.

अकोल्यात प्रवरेच्या काठी अगस्ती ऋषींचा आश्रम आणि सिद्धेश्वराचे प्राचीन मंदिर आहे. याच तालुक्यातील कोंभाळणे हे देशी बियाण्यांच्या जतनासाठी पद्मश्री मिळालेल्या राहीबाई पोपेरे यांचे गाव. शेतीची आवड असणाऱ्यांनी तेथील बियाणे बँक आधी विचारणा करून पाहावी.

जेवणात काय मिळते?

नागलीची किंवा बाजरीची भाकरी, पिठले, ठेचा, हुलग्याची आमटी आणि गावठी कोंबडी. शेंडीत जलाशयातील तळलेले मासे मिळतात. सुवासिक काळभात कोणाच्या घरी रांधलेला मिळाला तर भाकरी कमी खावी आणि भात दुसऱ्यांदा मागून घ्यावा.

अभयारण्यात कोणते नियम पाळावे लागतात?

प्रवेशाच्या नाक्यावर माणसांचे आणि वाहनांचे शुल्क भरून पावती घ्यावी आणि ती परत येईपर्यंत जपून ठेवावी. मद्य, उघड्यावरील आग, मोठ्या आवाजातील संगीत आणि परवानगीवाचून ड्रोन उडवणे यांस बंदी आहे. गडांवरील आणि लेण्यांतील मुक्कामाविषयी वनविभाग वेळोवेळी निर्बंध घालतो, त्यामुळे निघण्यापूर्वी गावातील यजमानाकडे किंवा वनविभागाकडे चौकशी करावी. शेकरू, बिबट्या आणि तरस यांचा येथे वावर आहे. कड्यांवर आग्या मोहोळे असतात. त्यांच्या खाली धूर करणे किंवा आरडाओरडा करणे जिवावर बेतू शकते.

वाटाड्या घेणे आवश्यक आहे का, आणि त्याला किती पैसे द्यावेत?

कळसूबाईसाठी आवश्यक नाही. रतनगड, पावसाळ्यातील हरिश्चंद्रगड आणि सांदणसाठी घ्यावाच. दर गावानुसार आणि मोसमानुसार बदलतात, म्हणून रक्कम आदल्या रात्रीच ठरवावी आणि उतरल्यावर घासाघीस करू नये. भात काढणीच्या दिवसांत घरचे काम सोडून आलेल्या माणसाचा तो पूर्ण दिवस असतो, हे लक्षात ठेवावे.

मोबाइल, पैसे, इंधन आणि औषधोपचार यांची सोय कशी आहे?

साम्रद, घाटघर आणि पाचनईकडे मोबाइलला पुरेशी रेंज मिळेलच असे नाही. नकाशे आधीच उतरवून घ्यावेत आणि घरच्यांना परतीची वेळ सांगून ठेवावी. इंधन घोटी, राजूर किंवा अकोले येथेच भरून घ्यावे. एटीएमवर विसंबून न राहता सुटे पैसे जवळ ठेवावेत. प्राथमिक उपचार राजूरला मिळू शकतात. गंभीर प्रसंगी संगमनेर किंवा नाशिक गाठावे लागते. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि अन्य आपत्तीसाठी ११२ हे क्रमांक आहेत, परंतु डोंगरात रेंज नसल्यास पहिली मदत खालच्या गावातील माणसांकडूनच येते, म्हणून चढाईला निघताना आपण किती जण आणि कोणत्या वाटेने जात आहोत हे यजमानाला सांगूनच निघावे.